धडा : मोडके, पडके आणि त्यांची इंग्रजी नावे

आपल्या भाषेत दुर्लक्षाला शब्द कमी नाहीत. गुराची आबाळ होते. म्हाताऱ्या माणसाची हेळसांड होते. वाडा मोडकळीस येतो. चांगली वस्तू माळ्यावर धूळ खात पडते. हे शब्द आपण लहानपणापासून ऐकत आलो.

आता याच गोष्टींची इंग्रजी नावेही गावात आली आहेत. बँकेच्या दारावर, मोटरीच्या कागदावर, शहरातल्या खोलीच्या करारात ती भेटतात. कोणी वाचून दाखवतो आणि आपण मान डोलावतो. पण आता आपल्याला अक्षरे आली. मग नुसती मान का डोलवायची? या धड्यात आम्ही असे काही शब्द आपल्या अक्षरांत लिहिले आहेत. प्रत्येक शब्द आधी मोठ्याने वाचा. मग त्याचा अर्थ पाहा.

आउट ऑफ ऑर्डर

पैसे काढायच्या यंत्रावर कधी कधी अशी चिठ्ठी असते. ऑर्डर म्हणजे हुकूम, हे आपल्याला ठाऊक आहे. इथे अर्थ निराळा. इथे ऑर्डर म्हणजे नीट चालण्याची स्थिती. यंत्र त्या स्थितीत राहिले नाही, म्हणजे ते बंद पडले. मराठीत आपण नादुरुस्त म्हणतो.

दुसरी एक पाटी असते, अंडर रिपेअर. म्हणजे दुरुस्ती चालू आहे. दोन्ही पाट्या सारख्या नव्हेत, बरं का. पहिली सांगते, यंत्र बिघडले. दुसरी सांगते, कोणीतरी कामाला हात घातला. पहिलीच पाटी महिनाभर लटकत असेल, तर खुशाल विचारावे, "साहेब, दुरुस्ती कधी सुरू होणार?"

कंडम

हा शब्द आता मराठीच झाला. सायकल कंडम, गाडी कंडम, असे आपण सहज म्हणतो. मूळ इंग्रजी शब्द कंडेम. त्याचा अर्थ निकामी ठरवणे. यातला 'ठरवणे' हा भाग ध्यानात ठेवा. सरकारी वस्तू आपोआप कंडम होत नाही. कोणीतरी ती तपासतो, तसा कागद करतो, मग ती मोडीत निघते. शाळेचा बाक कंडम आहे असे कोणी म्हणाले, तर विचारा, "ठरवले कोणी? कागद आहे का?" नुसता पाय मोडलेला बाक सुताराच्या हाताने पुन्हा उभा राहतो.

शाळेत डेड स्टॉक नावाची एक वहीही असते. डेड म्हणजे मेलेला. म्हणून पुष्कळांना वाटते, हा टाकाऊ माल असावा. तसे नाही. खडू झिजून संपतो. बाक, कपाट, घंटा वर्षानुवर्षे टिकतात. अशा टिकाऊ वस्तूंची ही वही. तिच्यात नाव आहे, म्हणजे ती वस्तू सांभाळण्याची जबाबदारी कोणावर तरी आहे.

वेअर अँड टेअर, आणि निग्लेक्ट

हे दोन शब्द पक्के करा. पैशाचे भांडण बहुधा इथेच होते.

वेअर म्हणजे झिजणे. टेअर म्हणजे फाटणे. वापराने जी झीज होते, ती वेअर अँड टेअर. निग्लेक्ट म्हणजे हयगय, दुर्लक्ष. नांगराचा फाळ पाहा. नांगरता नांगरता तो झिजतो आणि चकाकतो. ही झाली झीज. तोच फाळ पावसात बांधावर टाकला, तर गंजतो. ही झाली हयगय. झिजेत कोणाचा दोष नसतो. हयगयीत कोणाचा तरी असतो.

तुमचा मुलगा शहरात भाड्याने खोली घेतो. करारात बहुधा लिहिलेले असते, की खोली होती तशी परत द्यावी, पण नेहमीच्या वापराची झीज त्यातून वगळावी. भिंतीचा रंग फिका झाला, ही झीज. नळ उघडा टाकून भिंत कुजवली, ही हयगय. झिजेपायी घरमालक अनामत रक्कम कापू लागला, तर मुलाने करारातली ती ओळ त्याला दाखवावी.

मोटरीच्या गॅरंटीत तिसरा शब्द येतो. मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट, म्हणजे कारखान्यातच राहिलेला दोष. गॅरंटी बहुधा याच दोषाची असते. विहीर आटली तरी मोटर चालू ठेवली आणि ती जळाली, तर दुकानदार ऐकणार नाही. पण दोष कारखान्याचा असून तो "तुमची हयगय" म्हणू लागला, तर गप्प बसू नका. काय बिघडले आणि कशाने बिघडले, ते त्याच्याकडून लिहून मागा.

डिलॅपिडेटेड

शब्द लांब आहे. तुकडे करून वाचा : डि-लॅ-पि-डे-टेड. अर्थ मोडकळीस आलेले. यात दगडाला असलेला जुना लॅटिन शब्द दडला आहे. दगडन् दगड सुटा होत चाललेली भिंत डोळ्यांपुढे आणा, म्हणजे शब्द विसरणार नाही.

इंग्लंडात या शब्दावरून कायदाही झाला. तिथे चर्चच्या धर्मगुरूला राहायला घर मिळे. ते नीट राखणे हे त्याचेच काम. त्याने घर पडू दिले, तर दुरुस्तीचा खर्च त्याच्याकडून मागत. तो मेला, तर वारसांकडून मागत. यासाठी १८७१ साली तिथे खास कायदा केला गेला. घर आपल्या मालकीचे नसले, तरी ते राखण्याची जबाबदारी चुकत नाही, हा त्यातला विचार.

आपल्याकडे मुंबईत जुन्या चाळींबाबत हा शब्द कानी पडतो. पावसाळ्याआधी महानगरपालिका धोकादायक इमारतींची यादी काढते. त्यात सी-१ म्हणजे अतिधोकादायक, राहण्यास अयोग्य. गावचे कोणी अशा इमारतीत राहत असेल, तर त्याला हा अर्थ जरूर कळवा.

माणसाबद्दलचे बोल

इंग्रजीत गॉन टू सीड असे म्हणतात. मेथी वेळेवर खुडली नाही, तर ती फुलावर जाते, बी धरते, आणि भाजी कामातून जाते. तसे ज्याने स्वतःकडे पाहणे सोडले, त्याला हे म्हणतात. दुसरा बोल आहे डाउन ॲट हील, म्हणजे जोड्याची टाच झिजलेला, फाटका माणूस.

हा दुसरा बोल आम्हाला पुरता पटत नाही. गरिबी निराळी आणि आबाळ निराळी. ठिगळ लावलेले धुतलेले लुगडे ही आबाळ नव्हे. तिथे काळजी घेणारा हात आहे.

पाटी वाचली, पुढे काय?

पुणे जिल्ह्यात मावळ तालुक्यात कुंडमळा हे ठिकाण आहे. तिथे इंद्रायणी नदीवर जुना लोखंडी पूल होता. तो धोक्याचा आहे, असा फलकही लावलेला होता. १५ जून २०२५ रोजी, रविवारी, पुलावर गर्दी झाली आणि पूल कोसळला. ४ माणसे दगावली. फलक लावणे हे अर्धे काम. पूल दुरुस्त करणे किंवा वाट बंद करणे हे उरलेले अर्धे. आणि फलक वाचून मागे फिरणे हे आपले काम.

इंग्रजीत एक म्हण आहे : अ स्टिच इन टाइम सेव्हज नाइन. वेळेवर एक टाका घातला, तर पुढचे नऊ टाके वाचतात. गोधडी शिवणाऱ्या बायांना हे वेगळे सांगायला नको.

गावातली वस्तू बिघडली, तर अर्ज करा. अर्ज मराठीतच लिहा. त्यात तीन गोष्टी याव्यात : काय बिघडले, केव्हापासून, आणि कोणाची अडचण होते. असा :

"मा. सरपंच यांस. आमच्या वाडीतील हातपंप गेले १५ दिवस नादुरुस्त आहे. बाया दूरच्या विहिरीवरून पाणी आणतात. तरी पंप लवकर दुरुस्त करावा, ही विनंती."

खाली तारीख आणि सही घाला. एक प्रत जवळ ठेवा, आणि तिच्यावर पोच घ्या. अंगठा नको. आता आपल्याला सही येते.

अभ्यास

१. आउट ऑफ ऑर्डर आणि अंडर रिपेअर यांत फरक काय?
२. झीज की हयगय, ते सांगा : (अ) चपलेचा तळ पातळ झाला. (आ) फवारणीचा पंप न धुता ठेवला आणि त्याचे तोंड बुजले.
३. तुमच्या गावातली एक नादुरुस्त वस्तू शोधा. तिच्यासाठी चार ओळींचा अर्ज लिहा, आणि तो खरोखर नेऊन द्या.