झोप उडवणाऱ्या गाण्यातले शब्द

मुकुटबनच्या विद्यार्थ्याला पोर्तुगीज शिकायची असेल, तर त्याने रात्रभर झोप न येण्याचे एखादे गाणे घ्यावे. ‘नोइत’ म्हणजे रात्र, ‘सोनु’ म्हणजे झोप. हे शब्द कडव्याकडव्याला येतात नि तालामुळे मनात ठसतात. गंमत पाहा, नोइत आणि संस्कृत ‘नक्त’ यांचे मूळ एकच! सोनु आणि ‘स्वप्न’ यांचेही तसेच. हे नाते हजारो वर्षांचे.

‘चावी’ची गोष्ट निराळी. तो शब्द 1498 नंतर आपल्या किनाऱ्यावर आलेल्या पोर्तुगिजांकडून आपण उसना घेतला. विदर्भात त्याची ‘चाबी’ झाली. लिस्बनमध्ये आज ‘शाव्ह’ म्हणतात. जुना ‘च’ राहिला तो आपल्याकडे. आणि सोनु ऐकून सराफाकडचे सोने आठवले, तर तो मात्र निव्वळ योगायोग.