एक दाता कमी, दिवसभराची कटकट कमी

चंदगड, खानापूर, निपाणी या पट्ट्यात कच्च्या वाटांवर गाडी घालणार असाल, तर खर्चाचा क्रम असा ठेवा: आधी टायर, मग पुढचं स्प्रॉकेट, आणि पैसे उरले तर बाकीचं. क्रॅशगार्ड, फॉगलाइट आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पेट्या फोटोत छान दिसतात. चढावर अडलेली गाडी त्यांनी वर जात नाही.

वळवाच्या दिवसांत केलेल्या एका फेरीनंतर हे लिहितोय. रस्ता नेहमीचाच: निपाणी, तवंदी घाट, संकेश्वर, गडहिंग्लज, सामानगड, नेसरी, चंदगड, शिनोळी, बेळगाव. नकाशावर सरळ सापडतो. सामानगड म्हणजे 1844 च्या गडकऱ्यांच्या उठावाचा किल्ला, आणि नेसरीची खिंड म्हणजे 1674 मध्ये प्रतापराव गुजर पडले ती जागा. दोन्हीकडे थांबा, पाटी वाचा, पुढे चला. खरी परीक्षा नेसरी सोडल्यावर झाली.

तिथे डांबरी सोडून आम्ही उसाच्या ट्रॅक्टरवाटेला लागलो. ओढ्यापर्यंत उतार, पलीकडे पठारावर चढ. हंगामात भरलेल्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या उन्हानं कडक झालेल्या, त्यांच्या तळाशी आदल्या रात्रीच्या पावसाचं पाणी, आणि मधल्या उंचवट्यावर जांभ्याचे सुटे दगड. बांधावर बसलेले एक आजोबा एवढंच म्हणाले, “हळू जावा, पलीकडं लई राड हाय.”

आमच्यातल्या एका मित्राच्या दोनशे सीसीच्या गाडीला पुढे 14 दात्यांचं स्प्रॉकेट होतं. पुणे-बेंगळुरू हायवेवर इंजिन शांत चालावं म्हणून त्यानं मुद्दाम बसवलेलं. माझ्या त्याच मॉडेलच्या गाडीला नुकतंच 12 चं घातलेलं. गाडी तीच, टायर तेच, वजनही जवळपास तेवढंच. इतकी सरळ तुलना सहसा वाट्याला येत नाही.

चढावर फरक पडेल हा अंदाज होता. तो उतारावरच दिसला. पहिला गिअर, क्लच पूर्ण सोडलेला, पुढच्या ब्रेकला बोटही नाही, आणि माझी गाडी माणसाच्या चालीनं खाली उतरत होती. चाक कुठल्या दगडाच्या कुठल्या बाजूनं न्यायचं हे बघायला वेळ मिळत होता. मित्राची गाडी पहिल्या गिअरमध्येही पळायला बघायची, म्हणून त्याचा हात सतत ब्रेकवर आणि पुढचं चाक सतत घसरणीवर.

चढाला उलटा प्रकार. वळणावर वेग कमी केला की त्याचं इंजिन गचके देऊन बंद पडायला येई, म्हणून तो अर्ध्या क्लचवर. अर्ध्या चढावरच जळक्या प्लेटचा वास आला. गाडी बंद करून, ती थंड होईपर्यंत बसलो आणि मग दोघांनी ढकलून वर काढली. माझी त्याच वळणावर क्लचला हात न लावता गुरगुरत वर गेली. यात चालवणाऱ्याचं कसब काही नाही. तो माझ्यापेक्षा चांगला चालवतो.

आता हिशेब. मागचे दाते भागिले पुढचे दाते. उदाहरणाला पुढे 13, मागे 40 धरू: 3.08. पुढे 12 केले की 3.33, म्हणजे चाकावरचा ओढा आठेक टक्क्यांनी वाढला. पुढे 14 केले की 2.86, म्हणजे सात टक्के घटला. पुढच्या 12 इतकाच फायदा मागून मिळवायचा तर 40 चे 43 करावे लागतात. थोडक्यात, पुढचा एक दाता म्हणजे मागचे साधारण तीन. तुमच्या गाडीचे दाते स्वतः मोजा, आधीच्या मालकानं काय बसवलंय सांगता येत नाही.

किंमत हायवेवर मोजावी लागते. ज्या वेगाला इंजिन 5000 फेरे घ्यायचं, त्याच वेगाला आता 5400 घेणार. निपाणी ते बेळगाव हायवेनं 70-75 किलोमीटर. तेवढ्यात हँडलला मुंग्या येतात, पेट्रोलही थोडं जास्त लागतं. मागच्या गाड्या हॉर्न देतील, देऊ द्या. काहींच्या गाडीत वेगाचा सेन्सर गिअरबॉक्सवर असतो. तिथे काटा खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवतो आणि किलोमीटरही जास्त मोजतो. अ‍ॅव्हरेज वाढल्याचा आनंद अशा वेळी करू नका. सेन्सर चाकावर असेल तर काही बदलत नाही.

बसवताना चार गोष्टी बघा. चेन झिजलेली असेल तर नवं स्प्रॉकेट एकटं घालू नका, पूर्ण चेनसेट बदला. पुढचं लहान केलं तर जुनीच चेन बहुधा चालते, कारण चाक थोडं मागे ओढता येतं. मागचं तीन-चार दात्यांनी वाढवलं तर लांब चेन लागू शकते. लांब सस्पेन्शनच्या गाडीची चेन मधल्या स्टँडवर बघून घट्ट करू नका. सस्पेन्शन दबल्यावर ती आणखी ताणली जाते, म्हणून कुणाला तरी सीटवर बसवून ढील तपासा. आणि 12 च्या खाली जाऊ नका. लहान स्प्रॉकेटवरून चेन जास्त वाकून जाते, त्यामुळे चेन आणि तिच्याखालची रबरी पट्टी लवकर झिजते. त्यात जांभ्याची लाल धूळ तेलात मिसळली की सगळंच घासतं, तेव्हा घरी आल्यावर चेन धुवायला आळस नको.

गिअरिंगनं पकड मिळत नाही, हेही लक्षात ठेवा. निपाणीकडच्या काळ्या रानात पाऊस पडला की चिखल मडगार्डात गच्च बसतो आणि चाकच फिरायचं थांबतं. तिथे 12 काय आणि 14 काय. जिथे चाक फिरतं पण जागेवरच घसरतं, त्या राडीत ओढा जास्त असेल तर दुसरा गिअर टाका.

थोडं कडू बोलतो. आंबोलीला आणि तिलारी घाटात पावसाळी शनिवार-रविवारी जे चालतं, त्याला भटकंती म्हणायला जीभ रेटत नाही. कापलेले सायलेन्सर, धबधब्याखाली फुटलेल्या बाटल्या, वर ‘आम्हीच खरे रायडर’ लिहिलेले टीशर्ट. चंदगड-तिलारीच्या जंगलात रानटी हत्ती फिरतात, तिथे रात्री गाडी घालू नका. खानापूरकडचं भीमगड 2011 पासून अभयारण्य आहे, तिथे परवानगीशिवाय आत शिरणं गुन्हा आहे, मग तुमच्या गाडीला दाते कितीही असोत. आणि ट्रॅक्टरवाट कुणाच्या तरी शेतातून जाते. विचारून जा, उभं पीक तुडवू नका.

माझा कौल असा. महिन्यातून एखाद्या वेळी कच्च्यात जाणार असाल तर कंपनीनं दिलंय तेच ठेवा. दर सुट्टीला वाट सोडून जाणार असाल तर पुढचा एक दाता कमी करा, आणि जुनं स्प्रॉकेट फेकू नका. लांबच्या हायवे प्रवासाआधी ते परत बसवायला अर्धा तास पुरतो.