छातीत बसलेला खोकला

भाद्रपदात आमच्या किन्हवलीत तापाची साथ काही नवी नाही. एका वर्षी मीही तापले. ताप उतरला, पण खोकला छातीत बसला, त्याचा न्यूमोनिया झाला, आणि दिवाळी होऊन शेतं रिकामी झाली तरी खोकला माझ्याबरोबरच होता. मी शाळेत शिकवते, सगळं काम आवाजावर. त्यामुळे या आजाराने मला घरी बसवलं आणि एरवी नजरेआड राहणाऱ्या पुष्कळ गोष्टी दाखवल्या. त्यातलं जे उमगलं ते लिहिते. तुमच्या घरातला खोकला वेगळा असेल, तुम्ही आपला अनुभव शेजारी ठेवून वाचा.

१. ताप आणि खोकला बरोबर येतात, पण बरोबर जात नाहीत. हे मला ठाऊक नव्हतं, म्हणून ताप गेल्यावरही रोज सकाळी मी स्वतःची परीक्षा घ्यायचे आणि रोज नापास व्हायचे. २०१३ साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. साधा खोकला किती दिवसांत जावा, असं लोकांना विचारलं तर त्यांचं उत्तर होतं सात ते नऊ दिवस. प्रत्यक्षातल्या नोंदी पाहिल्या तर सरासरी निघाली जवळजवळ १८ दिवसांची. संसर्ग संपल्यावरही मागे राहणारा खोकला तीन ते आठ आठवडे टिकू शकतो. न्यूमोनियानंतरचा थकवा तर तीन महिन्यांनंतरही रेंगाळू शकतो. श्वासनळीच्या आतल्या अस्तरावर अगदी बारीक तंतू असतात, ते कफ वर ढकलत असतात. संसर्गात हे अस्तर सोलवटून निघतं, आणि ते नव्याने येईपर्यंत कफ बाहेर काढायचं काम एकट्या खोकल्यावर पडतं. लावणी झाल्यावर भाताचं रोप मुळं धरेपर्यंत पिवळं दिसतं, तेव्हा कुणी ते उपटून बघत नाही. डॉक्टरांनी हे अस्तराचं समजावून सांगितलं त्या दिवसापासून माझी घालमेल निम्मी झाली. खोकला तेवढाच होता.

२. रात्रीच्या खोकल्यात आजारी माणूस एकटा जागा नसतो. आडवं झालं की नाकातलं घशात उतरायचं आणि उबळ सुरू व्हायची. गोधड्यांची वळकटी करून तिला टेकून अर्धवट बसून झोपायला लागले, तेव्हा जरा डोळा लागू लागला. झोपण्याआधी चमचाभर मध कोमट पाण्यात घेतला की घसा शांत व्हायचा. (मध वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र कधीही चाटवू नये. त्यातून बाळाला बोट्युलिझम हा जिवावरचा आजार होऊ शकतो.) पण मला जड गेलं ते वेगळंच. पत्र्याच्या घरात भिंती अर्ध्यावर संपतात, एकाची उबळ सगळ्यांची झोप मोडते. सासूबाई उठायच्या, चुलीच्या राखेत ठेवलेलं पाणी पेल्यात ओतून हातात द्यायच्या आणि एक शब्द न बोलता पाठीवरून हात फिरवत बसायच्या. त्यांना स्वतःला धाप लागते. मी दरवेळी 'तुम्ही झोपा' म्हणायचे. एका रात्री त्या म्हणाल्या, "तू खोकतेस तोवर मला कळतं की तू आहेस." त्यानंतर मी त्यांना झोपायला सांगणं सोडलं.

३. आजारपणात आपल्याकडे औषधांपेक्षा माणसं जास्त येतात, आणि प्रत्येकाच्या हातात काहीतरी असतं. गवती चहा, सुंठ, ज्येष्ठमध, ओव्याची पुरचुंडी. अडुळसा तर कुंपणालाच. या अडुळशाबद्दल कळलं तेव्हा मला फार आनंद झाला. त्याच्या पानांत व्हॅसिसिन नावाचं द्रव्य असतं, आणि त्यावरूनच पुढे ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारं औषध तयार झालं. औषधाच्या दुकानातल्या कितीतरी बाटल्यांवर ते नाव असतं. आजीचा काढा आणि दुकानातली बाटली एका झाडाच्या नात्यातली निघाली. पण खोल श्वास घेताना बरगडीखाली सुरी खुपसल्यासारखं दुखू लागलं, थंडी वाजून पुन्हा ताप भरला, बेडका गंजासारखा तांबूस पडू लागला, तेव्हा काढ्याचं काम संपलं होतं. ते ओळखलं सासूबाईंनी. काढ्यावर त्यांच्याइतका विश्वास घरात कुणाचा नाही, आणि त्याच म्हणाल्या, "आता शहापूरला ने हिला, फोटो काढून घे छातीचा."

४. सगळ्यात मोठी भीती आजाराची नव्हती, नावाची होती. न्यूमोनियाचं औषध चालू असतानाच डॉक्टर म्हणाले, दोन आठवड्यांच्या वर खोकला आहे, थुंकीही तपासून घेऊ. माझ्या पोटात गोळा आला. टीबी. मी काय शिकवते, कुणाची मुलं माझ्यासमोर बसतात, गावात काय बोललं जाईल, ताट-पेला वेगळा ठेवतील का, हे सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं. स्वतःच्या फुप्फुसाचा विचार त्यात शेवटी आला.

थुंकीचा नमुना देणं हीसुद्धा एक कला आहे. एक नमुना तिथल्या तिथे आणि एक सकाळी उठल्याउठल्याचा. छोटी प्लॅस्टिकची डबी, तिच्यावर नाव लिहिलेली पट्टी. तपासणाऱ्या ताई म्हणाल्या, "लाळ नको हं, छातीतला बेडका पाहिजे." आधी चूळ भरायची. माणसांपासून लांब, उघड्यावर उभं राहायचं. दोनदा खोल श्वास घेऊन सोडायचा, तिसऱ्यांदा रोखून धरायचा आणि बेंबीच्या देठापासून खोकायचं. मी दवाखान्यामागच्या सागाखाली उभी राहून हळूच, पदर तोंडाशी धरून खोकत होते. चारचौघांत मोठ्याने खोकायची लाज. बाजूला कातकरवाडीतली एक बाई हातात तशीच डबी घेऊन उभी होती, वीटभट्टीवरून थेट आलेली. ती म्हणाली, "बाय, लाजतेस कशाला? जोरात खोक." आणि स्वतः असं खोकून दाखवलं की झाडावरचे कावळे उडाले. तिच्यामुळे माझा नमुना नीट मिळाला. माझ्या थुंकीत काही निघालं नाही. तिच्या तपासणीचं काय झालं, मला कळलं नाही. अजूनही आठवण येते.

त्या दिवसांत मी आनंदीबाई जोशींबद्दल पुष्कळ विचार केला. आपल्या ठाणे जिल्ह्याची लेक ती, माहेर कल्याणचं, जन्म १८६५ सालचा. रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं २४ मार्च १८८२ रोजी. पुढच्याच वर्षी ती अमेरिकेला गेली, १८८६ मध्ये डॉक्टर झाली, कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी तिला मिळाली होती. पण ती परतली तीच क्षयाने पोखरलेली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेली. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. जंतू माहीत होता, औषध नव्हतं. क्षयावर चालणारं पहिलं प्रतिजैविक, स्ट्रेप्टोमायसिन, सापडायला १९४३ उजाडलं. आज साध्या टीबीचं औषध सहा महिन्यांचं आहे, सरकारी दवाखान्यात तपासणी आणि गोळ्या दोन्ही फुकट मिळतात. आहारासाठी निक्षय पोषण योजनेतून २०१८ पासून महिना ५०० रुपये मिळायचे, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. टीबी हवेतून पसरतो, ताट वेगळं करून काहीच साधत नाही. गोळ्या नियमित चालू झाल्या की काही आठवड्यांत दुसऱ्याला लागण होण्याचा धोकाही बराच ओसरतो. हे सगळं असताना माणसं अजून खोकला पदरात लपवतात, याचं मला फार वाईट वाटतं. आनंदीबाईला जे मिळालं नाही ते आपल्या गावच्या दवाखान्यात येऊन पडलं आहे.

५. आपण धुरात राहतो हे धूर सोसवेनासा झाल्यावर कळतं. चैत्र-वैशाखात भाताच्या रोपांसाठी कवळ म्हणजे तोडलेल्या फांद्या, पालापाचोळा, शेण पसरून राब भाजतात. भात झोडताना कुसळ आणि तूस हवेत उडतं. पाऊस सरला की वीटभट्ट्या धुमसू लागतात. आणि बारा महिने चूल. उज्ज्वला योजना २०१६ साली आली, घराघरात सिलिंडर आले, पण आंघोळीचं पाणी आणि भाकरी अजून चुलीवरच, कारण सिलिंडर पुरवून वापरायचा असतो. आजारपणात झोडणीच्या खळ्यावरून नुसती गेले तरी उबळ यायची. तेव्हा सासूबाईंच्या धापेकडे मी पहिल्यांदा नीट पाहिलं. आयुष्यात कधी विडी ओढली नाही त्यांनी. चाळीसेक वर्षं चुलीपुढे बसल्या एवढंच. चुलीच्या धुराने फुप्फुसाचा कायमचा आजार होऊ शकतो, डॉक्टर त्याला सीओपीडी म्हणतात, आणि आपल्या खेड्यांत तो बायकांनाही होतो. सगळे म्हणत, वय झालं की धाप लागतेच. आता त्यांना श्वासातून ओढायच्या औषधाचा पंप मिळतो. चूल आम्ही पडवीबाहेर नेली.

६. काही गोष्टी बायका एकमेकींनाही सांगत नाहीत. जोरात उबळ आली की लघवीचे थेंब सुटतात. मला वाटायचं माझंच काहीतरी बिघडलं आहे. मग जाऊ एकदा सहज म्हणाली, "बाळंतपणानंतर मला सर्दी झाली की असंच होतं." दोघी किती तरी वेळ त्यावर बोलत बसलो. उबळ येणार असं वाटलं की खालचे स्नायू आत ओढून घ्यायचे, हे तिने शिकवलं आणि त्याचा उपयोग झाला. डॉक्टरांना सांगायलाही हरकत नसते. बरगड्याही खोकून दुखतात, क्वचित तडकतातसुद्धा. छातीशी उशी घट्ट धरून खोकलं तर कमी दुखतं.

७. औषध कधी द्यायचं नाही, हे कळणंही औषधाइतकंच मोलाचं आहे. बहुतेक साधा खोकला विषाणूंचा असतो, त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. मला दिलं ते न्यूमोनिया होता म्हणून, आणि सांगितलं होतं तेवढ्या दिवसांचं पुरं घेतलं. गावात मात्र उरलेल्या गोळ्या शेजारी देण्याची पद्धत आहे, अगदी मायेपोटी. लहान मुलांच्या बाबतीत तर काळीज हलतं. २०२५ साली मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे खोकल्याच्या औषधाने लहान मुलं दगावली, औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघालं. हेच विष मिसळलेल्या ग्लिसरॉलने १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण गेले होते, त्यावर न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला होता. छिंदवाड्यानंतर केंद्र सरकारने पुन्हा बजावलं, की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्याचं औषध देऊ नये. माझ्या वर्गातल्या मुलांच्या आयांना मी हे पालकसभेत सांगते.

८. धाप मोजता येते. हे आमच्या गावच्या आशा कार्यकर्ती ताईंनी दाखवलं. मूल शांत असताना पोटाकडे बघून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाला मिनिटाला ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाला ४० किंवा जास्त श्वास होत असतील तर तो न्यूमोनिया असू शकतो, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल, बाळ दूध पीत नसेल, तर क्षणाचाही उशीर नको. मोठ्या माणसाचे श्वास ३० च्या वर गेले, ओठ निळसर दिसू लागले, बोलता बोलता वाक्य तुटू लागलं, बेडक्यात रक्त दिसलं, तर एसटीची वाट बघू नका, १०८ ला फोन लावा. पावसाळ्यात आमच्याकडच्या पाड्यांवरून गाडीरस्त्यापर्यंत यायलाच वेळ जातो, म्हणून निर्णय लवकर घ्यावा लागतो.

९. आवाज परत यायला वेळ लागला. शाळेत रुजू झाल्यावर कविता मी म्हणायचे नाही, मुलं म्हणायची आणि मी फळ्यावर लिहायचे. मागच्या बाकावरच्या पोरी इतक्या स्वच्छ वाचतात, हे मला तेव्हा कळलं. आता मी बरी आहे. वर्गात कुणी फार दिवस खोकताना दिसलं की घरी निरोप धाडते.

तुमच्याकडे एखादी सासू, एखादा भट्टीवरचा मजूर, एखादी मोलकरीण दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकत असेल तर तिला किंवा त्याला एकटं पाठवू नका. सोबत जा, डबी घ्या, थुंकी तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात त्याला एक पैसाही पडत नाही.