मधुमेह, मोबाईल आणि मायबोली

मधुमेह हा काही आपल्या देशाला नवा रोग नव्हे. सुश्रुतसंहितेत त्याचे वर्णन आहे. रोग्याच्या लघवीला मुंग्या लागतात ही खूण तर जुन्या बायकांनाही ठाऊक होती. नवा आहे तो त्याचा पसारा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक या रोगाच्या उंबरठ्यावर उभे आहेत.

हा रोग डॉक्टरांच्या हाती सोपवून मोकळे होता येत नाही. रुग्ण दर तीन महिन्यांनी तपासणीस गेला आणि त्याला दहा मिनिटे मिळाली, तर वर्षाकाठी चाळीस मिनिटे होतात. वर्षाचे तास ८७६०! बाकी सर्व वेळ काय खावे, किती चालावे, घाम फुटून हातपाय कापू लागले तर काय करावे, हे ज्याचे त्यालाच ठरवावे लागते. बोस्टनचे डॉ. इलियट जॉस्लिन यांनी हे ओळखून १९१८ साली, म्हणजे इन्सुलिनचा शोध लागण्यापूर्वीच, खास रुग्णांसाठी पुस्तक लिहिले. मधुमेहात शिक्षण हा उपचाराचाच भाग आहे.

माझे गाव बऱ्हाणपूर. मुमताजमहल १६३१ साली तेथे निवर्तली, एवढेच पुष्कळांना माहीत असते. तापीकाठचे हे गाव मध्य प्रदेशात असले तरी त्याचा घरोबा रावेर-जळगावशी. बाहेर केळीच्या बागा, आत यंत्रमागांची खडखड. आमच्या घरात मराठी, बाजारात हिंदी आणि विणकरांच्या मोहल्ल्यात उर्दू. मावा-जिलेबी आणि दराबा हे गावचे भूषण. मधुमेह्याला मात्र तेच संकट.

माझ्या मावशीला काही वर्षांपूर्वी मधुमेह निघाला. तेव्हा तिला मिळालेले शिक्षण म्हणजे हिंदीत छापलेला एक कागद. त्यात ओट्स होते, ब्राउन ब्रेड होता आणि 'केला बंद' असे ठळक अक्षरांत होते. कळण्याची भाकरी आणि वांग्याचे भरीत यांचा पत्ताच नव्हता. केळीच्या मळ्यात जन्म गेलेल्या बाईने केळे का खाऊ नये, की थोडे खावे? एका मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम कर्बोदके असतात. केळे पिकते तसे त्यातील पिष्टाची साखर होत जाते. अर्धे केळे खायचे तर त्या वेळी भाकरी थोडी कमी करावी, असा हिशेब तिला सहज कळला असता. पण तो कोणी सांगितला नाही.

शिवाय तिची काठी सडपातळ. "एवढ्या बारीक बाईला साखर कशी?" असे शेजारणी विचारीत, आणि तिलाही निदान खोटे वाटे. याचे उत्तर पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनात सापडते. २००४ साली त्यांनी आणि ब्रिटनचे डॉ. जॉन यडकिन यांनी स्वतःचेच उदाहरण 'लॅन्सेट'मध्ये छापले. उंचीच्या मानाने वजन काढण्याचा दोघांचा निर्देशांक एकच, २२.३, पण शरीरातील चरबी यडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. बारीक दिसणारा भारतीय माणूस आतून बारीक असतोच असे नाही. हे एक छायाचित्र मावशीला दाखविले असते, तर औषध टाळण्यात गेलेले सहा महिने वाचले असते.

येथे तंत्रज्ञानाचा संबंध येतो. दूरवरच्या माणसाला यंत्राद्वारे आरोग्य शिकविण्याचा प्रयत्न आपल्याकडे जुना आहे. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचविली गेली. त्यांत मध्य प्रदेश होता, कर्नाटकही होता. कार्यक्रम हिंदी, कन्नड, तेलुगू आणि उडिया भाषांत होत. म्हणजे आपल्या अंकाच्या कन्नड विभागाचे वाचक याबाबतीत मराठी विभागाच्या पुढे होते!

मधुमेहापुरते पाहता डॉ. ए. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१३ साली प्रसिद्ध झालेला दक्षिण भारतातील प्रयोग मला मोलाचा वाटतो. रोगाच्या उंबरठ्यावरील ५३७ कामकरी पुरुषांना त्यांनी निवडले. आहार-व्यायामाचा सल्ला सुरुवातीला सर्वांनाच दिला. निम्म्यांना त्याखेरीज मोबाईलवर छोटे संदेश पाठविले, तेही ज्याच्या त्याच्या सोयीच्या वेळी. दोन वर्षांत संदेश न मिळालेल्यांपैकी २७ टक्क्यांना मधुमेह झाला, संदेश मिळालेल्यांपैकी १८ टक्क्यांना. वारंवार आठवण करून देण्याचा एवढा परिणाम!

पण हे सारे पुरुष होते, आणि प्रत्येकाच्या खिशात स्वतःचा मोबाईल होता. आमच्याकडे घरातला चांगला मोबाईल मुलाजवळ असतो आणि मावशीला अक्षरे जुळवून वाचावे लागते. तिला लेखी संदेश पाठवून उपयोग नाही. बोललेला पाहिजे, आणि तो तिच्या बोलीत पाहिजे. त्याच मोबाईलवर 'कारल्याच्या रसाने इन्सुलिन सुटते' असले धडे सुरेख आवाजात रोज येतात. इन्सुलिनची गरज असलेल्याने ते एकाएकी सोडले तर जिवावर बेतते, हे तितक्याच सुरेख आवाजात सांगणारा कोणी नको का?

गेल्या सुट्टीत मावसभावाने ग्लुकोमीटर आणला. बोटातून थेंबभर रक्त पट्टीवर घेतले की पट्टीवरील विकराची त्यातील ग्लुकोजशी क्रिया होते आणि यंत्र आकडा दाखविते. मावशीने एके दिवशी भाकरी-भरीत खाऊन दोन तासांनी आकडा पाहिला आणि दुसऱ्या दिवशी पाहुण्यांबरोबर पोहे-जिलेबी खाऊन. दोन्ही आकडे तिने कॅलेंडरवर लिहून ठेवले आहेत. जिलेबीबद्दल घरात त्यानंतर वाद झाला नाही. पट्ट्या महाग पडतात, म्हणून आता ती आठवड्यातून दोनदाच तपासते.

त्या सुट्टीत आम्ही तीन-चार विद्यार्थ्यांनी दोन-दोन मिनिटांचे ध्वनिमुद्रित संदेश करावयास घेतले. मजकूर एका डॉक्टरांकडून तपासून घेतो. मळ्यात अनवाणी जाऊ नये आणि रोज रात्री तळपाय पाहावेत, कारण बधिर पायाला काटा कळत नाही; न उघडलेले इन्सुलिन रेफ्रिजरेटरच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये; रोजे धरण्यापूर्वी औषधाच्या वेळा डॉक्टरांकडून बदलून घ्याव्यात. हा शेवटचा संदेश मोहल्ल्यातील एका मित्राने उर्दूत म्हटला आहे. तो किती वाजता पाठवावा हे मात्र त्याने आपल्या अब्बांना विचारून ठरविले: मागाची पाळी सुटल्यावर, कारण माग चालू असताना कानाशी धरलेला मोबाईलही ऐकू येत नाही.