पाटीवरचं नाव शेवटी वाच

भाचेबुवा, लंडनला येतो आहेस म्हणजे पबात जाणारच, आणि पहिल्याच महिन्यात कुणीतरी दाढीवाला तुला गाठून विचारणार, की स्टाउट आणि पोर्टर यांत फरक काय? पाठ केलेलं उत्तर देऊ नकोस. विद्यार्थी असताना साउथवर्कमधल्या ज्या पबात मी ग्लास विसळायचो, तिथे तळघरातली पिंपं सांभाळणारे एक म्हातारबुवा होते. ते म्हणत, आधी काय भाजलंय ते विचार, मग टक्का बघ, मग आत वायू कुठला ते बघ. नाव सगळ्यात शेवटी. त्यांचंच तुझ्या कानात सांगतो, थोडी माझी भर घालून. तुझ्या आईला सगळं कळवायलाच हवं असं नाही.

थोरली पोर्टर, हे पक्कं ध्यानात ठेव. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये ती वर आली. नदीवरचे आणि रस्त्यांवरचे हमाल ती पीत म्हणून तिला त्यांचंच नाव पडलं. 1722 साली हारवुड नावाच्या कुणा एकाने ती शोधून काढली, असं पबांतल्या फळ्यांवर अजून लिहिलेलं असतं. वाच, हस आणि पुढे जा, पुरावा काही नाही. त्याच पोर्टरमधली जी जास्त दमदार, ती ‘स्टाउट पोर्टर’. पुढे मागचा शब्द गळाला आणि धाकटीने स्वतंत्र बिऱ्हाड थाटलं. त्यामुळे ‘स्टाउट काळी आणि पोर्टर तपकिरी’ असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर मान डोलव, वाद घालू नकोस. दोन्ही ग्लास दिव्यासमोर धर. बऱ्याचदा दोन्हींच्या कडेला तोच माणकासारखा लाल दिसतो.

खरी गंमत भाजण्यात आहे. जुनी पोर्टर तपकिरी माल्टची असे, म्हणजे मोड आणून जाळावर खरपूस वाळवलेल्या बार्लीची. मग कारखान्यांत हायड्रोमीटर आला आणि मालकांना कळलं, की फिक्या माल्टमधून साखर कितीतरी जास्त निघते. हिशेबी लोक, लगेच फिक्या माल्टकडे वळले. पण पोर्टरचा रंग उडाला, आणि तो परत आणायला जळकी साखर आणि नाही नाही ते घालणं सुरू झालं. 1817 साली डॅनियल व्हीलरने कॉफी भाजायच्या यंत्रासारखं फिरतं पिंप काढून माल्ट न जाळता काळाकुट्ट भाजायचं पेटंट घेतलं. चिमूटभर काळा माल्ट, बाकी सगळा फिका. आजच्या काळ्या बिअरचं घराणं तिथून सुरू होतं. लंडनवाल्यांनी काळ्याच्या जोडीला तपकिरी माल्ट बराच काळ ठेवला, डब्लिनवाल्यांनी तो लवकर सोडून दिला.

डब्लिनचा विषय निघालाच आहे तर ऐक. आर्थर गिनेसने 1759 साली सेंट जेम्सेस गेटची जागा वर्षाला 45 पौंडांवर घेतली, तीही 9,000 वर्षांच्या कराराने. एवढा लांबचा विचार आपल्याकडे भाडेकरूसुद्धा करत नाहीत. तो आधी एल गाळायचा, पोर्टर नंतर, आणि 1799 साली त्याच्या कारखान्याने एल बंदच केली. म्हणजे स्टाउटचं जे दैवत, तेही मुळात पोर्टरवालंच. आज त्यात मोड न आणलेली बार्ली तशीच काळी भाजून पडते. तिने जिभेवर कोरडेपणा येतो, कॉफीची धार येते. पोर्टरमध्ये बहुधा तपकिरी आणि चॉकलेट माल्ट असतो, म्हणून कोको, टॉफी, थोडा गोलावा. ओळखायचं कसं? घोट घे, गीळ, आणि काही न बोलता थांब. भाकरीचा करपलेला पापुद्रा चघळल्यावर राहतो तसा कडवटपणा मागे रेंगाळला तर भाजलेली बार्ली समज. हा नियम मोडणाऱ्या बाटल्या तुला दर आठवड्याला भेटतील. बनवणारा त्याला हवं ते नाव लावतो, त्याला कुणी अडवत नाही.

टक्क्याचं थोडक्यात. काळी म्हणजे कडक, ही समजूत मुंबईच्या विमानतळावरच सोडून ये. नळाच्या गिनेसमध्ये अल्कोहोल 4.2 टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे आपल्याकडच्या ‘स्ट्राँग’ बाटलीपेक्षा कितीतरी कमी. त्याच घरची फॉरेन एक्स्ट्रा मात्र 7.5. आणि पाटीवर ‘इंपीरियल’ दिसलं तर पाइंट मागूच नकोस, ती आठपासून बारापर्यंत जाते. अर्धी पाइंट, तीही जेवल्यावर. ही इंपीरियल रशियाच्या दरबारासाठी जायची. ती गाळणारा अँकर कारखाना आमच्या साउथवर्कचाच, थ्रेल कुटुंबाचा. 1781 साली तो 1,35,000 पौंडांना विकला, तेव्हा विक्रीच्या व्यवहारात डॉ. सॅम्युएल जॉन्सन होते, तेच ते शब्दकोशवाले. घेणारे बार्कले आणि पर्किन्स. त्यांची पोर्टर पिंपं भरभरून हिंदुस्थानात येई, ईस्ट इंडिया कंपनीच्या सोजिरांसाठी. पेल एलचं कौतुक सगळे करतात, पण ती साहेबांची. साधा सोजीर पोर्टरवरच असे.

आता वायू. दाट, सायीसारखा फेस बघून लोकांना वाटतं बिअरच दाट आहे. तसं नाही. नायट्रोजन बिअरमध्ये फार कमी विरघळतो, त्याचे बुडबुडे बारीक, म्हणून तोंडाला मऊ लागतं. गिनेसमध्ये मायकल ॲश यांनी ते जमवलं आणि 1959 साली ती नळावर आली. म्हणून तीच स्टाउट नळाची आणि बाटलीतली अशी शेजारी ठेवून पी, दोन वेगळ्या बिअरी वाटतील. फरक तपासायचा असेल तर स्टाउट नायट्रोच्या नळाची आणि पोर्टर बाटलीची असं कधी करू नकोस. दाढीवाल्यांचे निम्मे वाद तिथेच संपतात. कॅनमध्ये प्लास्टिकचा गोळा खुळखुळला तर तो नायट्रोजनचा. असा कॅन चांगला गार कर, फोडल्याबरोबर मोठ्या ग्लासात एका दमात ओत. कॅनमधून पिऊ नकोस.

बाकी गारव्याच्या बाबतीत मात्र आपली सवय मोड. फ्रीजमधून काढलेली पोर्टर मुकी असते. अकरा-बारा अंशांवर ती बोलायला लागते. वीस मिनिटं ओट्यावर ठेव.

‘मिल्क स्टाउट’मध्ये लॅक्टोज असतं, दुधातली साखर. यीस्टला ती खाता येत नाही, म्हणून गोडी मागे राहते. तुझ्या बाबांसारखं तुला दूध पचत नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नकोस. बाल्टिक पोर्टर दिसली तर जरूर घे, पोलंडची विशेष चांगली. ती लागरच्या यीस्टने, थंडीत सावकाश आंबवतात, त्यामुळे जड असूनही घशाला साफ उतरते. पण टक्का बघून.

खाण्याचं म्हणशील तर स्टाउट आणि कालवं ही इथली जुनी जोडी, आपल्या कोकणच्या माणसाला ती शिकवावी लागत नाही. खारट कालव आणि कोरडी स्टाउट, वर फक्त लिंबू. तांबड्या रश्श्याबरोबर मात्र कडू स्टाउट घेऊ नकोस, तिखट दुप्पट चढतं. तिथे गोडसर पोर्टर बरी, आणि सुक्या मटणाबरोबर तर उत्तमच.

टॉटनहॅम कोर्ट रोडला डोमिनियन थिएटरवरून जाशील तेव्हा क्षणभर थांब. त्या जागी पूर्वी मिउक्स कंपनीचा कारखाना होता. 17 ऑक्टोबर 1814 रोजी तिथली पोर्टरची अवाढव्य टाकी फुटली आणि शेजारच्या गरीब वस्तीत आठ माणसं गेली. पबात हा किस्सा विनोद म्हणून सांगतात. तू तसा सांगू नकोस.

घरी ग्लास साबणाने धुतलास तर भरपूर पाण्याने खळबळ, फडक्याने पुसू नकोस, पालथा घालून निथळू दे. तेलाचा किंवा साबणाचा अंश राहिला की फेस बसतो, आणि मग दोष बिचाऱ्या बिअरला.