आई मागे बसली की…

अगं, गाडी गॅरेजला टाकू नकोस. ‘आई मागे बसली की पिकअप जातो’ म्हणालीस ना, तर तसंच व्हायला हवं. तिथे नेलीस तर कार्ब्युरेटर, प्लग, काय काय निघेल आणि हजार रुपये जातील. न्यूटनने १६८७ सालीच याचं कारण लिहून ठेवलंय आणि तू ते नववीत पाठही केलं होतंस. बल भागिले वस्तुमान, की त्वरण. झालं.

हिशेबच करू. स्कूटर ११० किलोची, तू ५० ची. (खरा आकडा मला ठाऊक आहे, पण राहू दे.) झाले १६०. इंजिन ३२० न्यूटन बलाने ढकलतंय असं धर. मग वेग दर सेकंदाला दोन मीटरने वाढतो आणि ताशी ३६ किलोमीटर गाठायला पाच सेकंद लागतात. आता आईचे ६० किलो घाल. वस्तुमान २२०, बल तेवढंच. तोच वेग गाठायला जवळजवळ सात सेकंद! त्या दोन सेकंदांत बाजूने ताशी ३६ ने येणारी एसटी वीस मीटर पुढे येते. एकटी असताना ज्या फटीतून तू चौक सहज ओलांडतेस, ती आई मागे असताना फट नसतेच, बाई. ओव्हरटेकचंही तेच. मूठ आणखी पिळून बल वाढवता येतं, पण एकटी असतानाच ती पूर्ण पिळायची सवय असेल तर वाढवणार काय?

पिकअपपेक्षा मला काळजी ब्रेकची आहे. ब्रेक म्हणजेही बलच, उलट्या दिशेचं. ताशी ३६ वर असताना ६४० न्यूटनचा ब्रेक लागला, तर एकटी तू साडेबारा मीटरवर थांबशील. तेवढाच ब्रेक दाबलास आणि मागे आई असेल, तर सतरा मीटरच्याही थोडं पुढे. एका मोटारीच्या लांबीचा फरक, आणि पुढे नेमकी मोटारच असते. वेग दुप्पट असेल तर अंतर चौपट होतं, ते वेगळंच.

म्हणून आई मागे असली की दोन्ही ब्रेक वापर आणि जरा जास्त दाब. तसं दाबता येतं, कारण वजन वाढलं की टायरही रस्त्याला जास्त दाबला जातो आणि पकड वाढते. पण पहिल्या पावसात, तेल आणि चिखल मिसळलेल्या रस्त्यावर, मुळात पकडच कमी. तिथे जोरात दाबलंस तर चाक जाम होऊन घसरेल. तेव्हा उपाय एकच, आधीपासून हळू. आणि मागच्या चाकात डबलसीटसाठी वेगळी, जास्त हवा लागते. किती ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं, पंपावर ‘भर रे’ म्हणून सोडून देऊ नकोस.

पायापाशी गॅस सिलिंडर ठेवून येतेस तेही बंद कर. आत १४.२ किलो गॅस, शिवाय रिकामी टाकीच पंधरा-सोळा किलोची. टाकीवर छापलेलं असतं, वाच एकदा.

रविवारी आईला मागे बसवून मोकळ्या मैदानात जा, वेग घे आणि ब्रेक दाबून बघ. आईला आधी सांग मात्र, नाहीतर ती मलाच फोन करेल. तिचं हेल्मेट मी घेऊन येते. कपाळावरून टेप फिरवून माप तेवढं कळव.