हवेच्या बंदुकीला तेल कोणते घालावे?

अंबडच्या मत्स्योदरी देवीची नवरात्रातील यात्रा असो, नाही तर भोकरदन तालुक्यातील राजूरच्या गणपतीची असो, यात्रा म्हटली की फुगे फोडण्याचा फळा आलाच. दुकानदार नळी खाली वाकवतो, छर्रा भरून बंदूक तुमच्या हाती देतो आणि नेम साधला की फुगा फट्! या बंदुकीत दारू नसते. तरीही कधी कधी तिच्या तोंडातून निळसर धूर निघतो आणि जळक्या तेलाचा वास येतो. दारूच नाही, तर मग जळले काय?

त्यासाठी आधी बंदुकीच्या पोटात डोकावू. नळीच्या मागे पोलादाचे एक नळकांडे असते. त्यात दट्ट्या आणि दट्ट्यामागे जाड स्प्रिंग. नळी वाकवली की दट्ट्या मागे सरकतो, स्प्रिंग दाबली जाते आणि खटक्यात अडकून राहते. चाप ओढताच स्प्रिंग सुटते, दट्ट्या वेगाने पुढे धावतो आणि त्याच्यापुढची हवा चिंचोळ्या भोकाकडे रेटतो. दबलेली ही हवा छर्ऱ्याला ढकलते. हवा दट्ट्याच्या कडेने निसटू नये म्हणून त्याच्या तोंडाशी चामड्याचा किंवा प्लॅस्टिकसारख्या कृत्रिम पदार्थाचा वॉशर बसवलेला असतो.

आता घरातला सायकलचा पंप घ्या. त्याचे तोंड अंगठ्याने घट्ट बंद करा आणि भराभर वीस वेळा दांडा मारा. पंपाच्या खालच्या टोकाला हात लावून पाहा. टोक गरम लागेल. तुमच्यापैकी एखादा चिकित्सक म्हणेल, ‘ही तर घर्षणाची उष्णता.’ शंका योग्य आहे. म्हणून पंप थंड होऊ द्या आणि तोंड उघडे ठेवून पुन्हा तितकेच दांडे मारा. दट्ट्या तितकाच घासला, पण टोक आता तेवढे तापत नाही. फरक पडला तो हवा दाबल्याने.

बंदुकीत हे सारे सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास उरकते. इतक्या वेळात हवेतील उष्णतेला बाहेर पडायला सवडच मिळत नाही. समजा, हवा मूळच्या सोळाव्या हिश्शात कोंबली गेली. अशा वेळी निरपेक्ष तापमान १६ च्या ०.४ घाताइतक्या पटीने वाढते. १६ म्हणजे २ चा चौथा घात, म्हणून हे उत्तर २ चा १.६ घात, म्हणजे सुमारे ३. खोलीतली हवा २७ अंश सेल्सिअस, म्हणजे ३०० केल्व्हिन असेल, तर दाबल्यावर ती सुमारे ९०० केल्व्हिन होईल. म्हणजे ६०० अंश सेल्सिअसच्याही वर! प्रत्यक्षात थोडी उष्णता थंड पोलाद शोषून घेते, थोडी हवा गळते. पण अंदाज यावा म्हणून एवढे पुरे. रुडॉल्फ डिझेल यांच्या इंजिनात ठिणगीवाचून इंधन पेटते ते याच युक्तीने.

म्हणजे नळकांड्यात तेलाची वाफ असेल, तर आपली बंदूक क्षणभर डिझेल इंजिनच बनते. इंग्लंडमध्ये कार्ड्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नायट्रोजन वायूत बंदूक उडवून पाहिली. ज्वलनाला लागणारा ऑक्सिजन नसताना छर्ऱ्याचा वेग बराच कमी भरला. तेव्हा अशा बंदुकीत थोडेसे तेल एरवीही जळतच असते. धोका आहे तो जास्त तेल जळण्यात. मग ज्वलनाचे रूपांतर स्फोटात होते, मोठा कडाका ऐकू येतो, दट्ट्या उलटा मागे फेकला जातो, स्प्रिंग तुटते आणि वॉशर करपतो. ‘रॉकेलचे दोन थेंब टाका, जोरात उडते’ असे सांगणारे भेटतात. रॉकेलची वाफ चाळीस-पन्नास अंशांवरही ठिणगीने पेट घेऊ शकते. त्यांचा सल्ला मुळीच ऐकू नका. जोर वाढतो तो काही बारांपुरता, आणि बंदूक ज्याच्या गालाशी टेकलेली असते त्याचा डोळा तिच्यापासून वीतभरच दूर असतो.

मग स्वयंपाकघरातले तेल? जवसाचे तेल हवेतील ऑक्सिजन शोषून घट्ट होत जाते. चित्रकार तैलरंगात ते वापरतात ते याचसाठी. करडईचे तेलही कढईच्या काठाला असाच चिकट थर धरते. दट्ट्याभोवती असा थर जमला, तर वंगण राहिले बाजूला, डिंकच झाला म्हणायचे. खोबरेल असे चिकटत नाही, पण ते २४ अंशांच्या आसपास गोठते आणि जालन्याकडे थंडीच्या रात्री पारा त्याच्या बराच खाली उतरतो.

शिवणयंत्राचे तेल हलके खनिज तेल असते. ते चिकट होत नाही, पोलादावर पोलाद घासते तेथे चांगले काम देते. नळी वाकते त्या बिजागरीला आणि बाहेरच्या स्क्रूंना त्याचा एकेक थेंब उत्तम. स्प्रिंगला ग्रीसचा पातळ हात पुरतो. मात्र दट्ट्यापुढच्या पोकळीत हे तेल घालू नये, कारण तेथेच हवा तापते.

तेथे लागते सिलिकोन तेल. सिलिकॉन व ऑक्सिजन यांच्या साखळीने त्याचे रेणू बनलेले असतात. त्याची वाफ फार थोडी होते आणि ते पेटायला खनिज तेलापेक्षा पुष्कळ जास्त तापमान लागते. शिवाय मे महिन्यातील चाळीस अंश असोत की डिसेंबरची पहाट, त्याचा दाटपणा इतर तेलांइतका बदलत नाही. मग तेच सगळीकडे का घालू नये? कारण दाबाखाली पोलादाच्या दोन पृष्ठभागांमध्ये त्याचा थर टिकत नाही. स्प्रिंगला किंवा खटक्याला सिलिकोन तेल घातले, तर धातूवर धातू घासून झीज होते. एका बंदुकीला दोन वंगणे लागतात ती अशी.

जुन्या बंदुकीतील चामड्याच्या वॉशरची गोष्ट थोडी निराळी. चामडे कोरडे पडले की आकसते आणि हवा निसटू लागते, म्हणून त्याला मधूनमधून तेल पाजावेच लागते. पण थेंब दोन थेंब, शेकडो बारांनंतर एकदा. तेल दिल्यावर काही तास बंदूक उभी ठेवावी, म्हणजे चामडे ते पिऊन टाकते. हे काम जाणत्या माणसाचे आहे. दाबलेली स्प्रिंग सुटली तर बोटे चिरडतात, म्हणून बंदूक खोलण्याच्या फंदात तुम्ही पडू नका.

स्पर्धेतल्या बंदुका वेगळ्या. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ साली कैरो येथे १० मीटर एअर रायफलचे जागतिक विजेतेपद मिळवले. या प्रकारात ४.५ मिलिमीटरचे छर्रे वापरतात. आजच्या अशा रायफलींत स्प्रिंग नसते, तर नळीखालच्या टाकीत सुमारे २०० वातावरण दाबाने हवा भरलेली असते. इतक्या दाबाच्या हवेत प्रत्येक घनसेंटिमीटरमध्ये ऑक्सिजनही नेहमीच्या दोनशेपट. म्हणून टाकीच्या झडपांना आणि रबरी कड्यांना खनिज तेलाचे बोटही लागू देत नाहीत. तेथे पाणबुडे आपल्या उपकरणांना लावतात तसले सिलिकोन ग्रीस लावतात.